कोरड्या हवेतली रीड

दुसरी चीज सुरू होऊन मिनिटभर झालं असेल, आणि सॅक्सोफोन वाजवणारे थांबले. पियानोवाल्याकडे मान वळवून एक बोट वर केलं, माईकपासून दोन पावलं मागे सरकले आणि प्रेक्षकांकडे अर्धी पाठ करून सॅक्सोफोनच्या तोंडाशी काहीतरी करू लागले. सभागृहात लगेच कुजबुज. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मशीन बिघडलं काय की!" शेजारच्या बाईंनी मोबाईल काढला. तिघं-चौघं चहाला उठले. साधारण दोन मिनिटांनी ते पुन्हा माईकसमोर आले, तीच चीज उचलली, आणि पुढचा दीड तास सोलापुरातल्या त्या नाटकाच्या सभागृहात असा टेनर सॅक्सोफोन वाजला की तो कानातून अजून उतरत नाही. आवडता जॅझवादक आपल्या गावात येऊन वाजवतो, आपण चौथ्या रांगेत बसून ऐकतो, यापरतं सुख कुठलं? तरीही मन अडकून राहिलं ते त्या दोन मिनिटांत. 'बिघडलं' हा शब्द टोचत राहिला.

काहीही बिघडलं नव्हतं. त्यांनी रीड बदलली.

हेच सोलापूर शास्त्रीय मैफलीत किती समजून-उमजून बसतं! तंबोऱ्याची जवारी लागेपर्यंत, त्या दोऱ्याची जागा केसभर इकडेतिकडे होईपर्यंत सगळे शांत असतात. तबलजी हातोडी घेऊन गट्ठे ठोकायला लागला तर तबला बिघडला असं कोणी म्हणत नाही. पावसाळ्यात पुडी सैल पडते, उन्हाळ्यात चढते, हे आपल्याला घरातूनच ठाऊक असतं. ती दोन-चार मिनिटं आपण मैफलीतच धरतो. सॅक्सोफोनच्या वाट्याला ती सवलत येत नाही, कारण तो दिसतो यंत्रासारखा. पितळेचं वाकडं अंग, त्यावर चाव्या, दांड्या, स्प्रिंगा, चामड्याची पॅडं. लग्नाच्या बँडमध्ये पाहिलेला असतो, त्यामुळे ओळखीचाही वाटतो. पण त्यातला बोलणारा भाग पितळेचा नाहीच. बोलते ती गवताची एक पट्टी.

हे गवत म्हणजे अरुंडो डोनॅक्स. ओढ्याकाठच्या नळ-गवतासारखं उंच, पोकळ कांड्यांचं. दक्षिण फ्रान्सच्या वार भागात त्याची लागवड होते. दोन वर्षं वाढलेल्या काठ्या हिवाळ्यात तोडतात, उन्हात फिरवत फिरवत पिवळ्याधमक होईपर्यंत वाळवतात, मग चिरून, रंधून पट्ट्या काढतात. पॅरिसची व्हॅन्डोरेन कंपनी १९०५ पासून हेच करते आहे. टेनर सॅक्सोफोनची रीड हातात घेतली तर बोटाएवढी. बुडाशी जाडी तीनेक मिलीमीटर आणि टोकाला मिलीमीटरचा दहावा भाग, म्हणजे वहीच्या कागदाएवढी. दिव्यासमोर धरली की मधला गाभा उलट्या इंग्रजी व्हीसारखा काळसर दिसतो आणि टोक दुधी. पाठीवर नंबर असतो: २, २.५, ३. नंबर वाढला की रीड कडक. पाच रीड्सच्या डबीतल्या दोन मनासारख्या निघाल्या तर वादक खूश. उरलेल्यांतली एखादी घासूनपुसून कामाला येते, एखादी नुसती सरावाला. एकाच डबीतल्या, एकाच नंबरच्या असल्या तरी दोन रीड्स सारख्या वाजत नाहीत, कारण दोन काठ्या सारख्या वाढत नाहीत.

नवी रीड थेट कार्यक्रमाला कोणी नेत नाही. आधी स्वच्छ पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवायची, पहिल्या दिवशी पाचच मिनिटं वाजवायची, पुसून सपाट काचेवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं, तिसऱ्या दिवशी थोडं जास्त. पहिल्याच दिवशी तासभर दामटली तर तिच्या शिरा पाणी पिऊन फुगतात, टोक मऊ पडतं आणि आठवड्यात ती निकामी होते. पाठ किंचित फुगली असेल तर काचेवर चारशे किंवा सहाशे नंबरचा पॉलिश पेपर ठेवून दोन-चार हलके हात फिरवायचे. ते पाठीवरच, टोकाला धक्का न लावता. अशा चार रीड्स तयार करून, त्यांच्यावर पेन्सिलीने एक ते चार आकडे घालून पाळीपाळीने वाजवायच्या, म्हणजे त्या दोन-तीन आठवडे टिकतात. हा सगळा खटाटोप आपल्याला दिसत नाही. आपल्याला दिसतो स्टेजवरचा माणूस, सूट घातलेला, पट्टी तोंडात धरून उभा.

आणि मग ती रीड सोलापूरच्या मार्चमध्ये येते.

मुंबईच्या दमट हवेत बसवलेली, तिथे मधासारखी वाजणारी रीड इथे उतरल्यावर दुसरीच होते. आपल्याकडे मार्च संपताना दुपारी हवेतला दमटपणा पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरतो, ओठ फुटतात, दरवाजे चौकटीत खुळखुळायला लागतात. रीडला मानवतो तो पन्नास-साठ टक्क्यांचा दमटपणा. त्याच्या खाली ती आखडते, आणि आखडते तीही एकसारखी नाही. शिरांच्या दिशेने जवळजवळ नाहीच, आडवी मात्र बरीच. त्यामुळे टोकाला झालर पडते, पाठ वाकते, आणि माऊथपीसच्या, म्हणजे ओठात धरायच्या तोंडाच्या, सपाट पट्टीवर ती चपखल बसायची थांबते. मधे केसाएवढी फट राहते. त्या फटीतून हवा निसटली की जोरातला मधला स्वर कसाबसा निघतो, पण हळू वाजवलेला खालचा स्वर तुटतो, नाहीतर एकदम वरच्या सप्तकात किंचाळतो.

या गावाला हे परकं वाटायला नको. चादर-टॉवेलांचं गाव आहे हे. कोरड्या हवेत सूत तुटतं, हे इथल्या माग चालवणाऱ्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. कापसाचा धागा ओलसर असताना बळकट, वाळला की ठिसूळ. म्हणून ताण्याला खळ द्यायची, म्हणून गिरणीच्या विणखात्यात हवेत पाण्याचे तुषार सोडून दमटपणा पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांवर राखायचा, म्हणून उन्हाळ्यात यंत्रमागाच्या शेडमध्ये जमिनीवर पाणी मारायचं. धागा तुटल्यावर माग थांबवून गाठ मारणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. कापसाचा तंतू आणि बोरूची शीर, दोन्ही झाडाच्याच देणग्या आणि दोघींची तहान एकच. त्या संध्याकाळी सभागृहात निम्मे तरी लोक मागाच्या खडखडाटात वाढलेल्या घरांतले असतील, आणि तरीही आमच्यातल्या कोणाला ही ओळख पटली नाही, याची हळहळ वाटते.

कोरडेपणा हा एक शत्रू, उष्मा हा दुसरा. सॅक्सोफोनचा स्वर नळीतल्या हवेवर ठरतो. हवा तापली की तिच्यातून आवाज वेगाने पळतो आणि स्वर चढतो: एका अंशाला साधारण तीन सेंट. शंभर सेंट म्हणजे शुद्ध आणि कोमल यांच्यातलं अंतर. दुपारी चारला एसी बंद असलेल्या सभागृहात छत्तीस अंशांत साऊंडचेक केला आणि रात्री चोवीस अंशांत वाजवायला उभं राहिलं, तर हिशेबाने तेहतीस-छत्तीस सेंटांचा फरक पडतो. वादकाचा श्वास नळी आतून ऊबदार ठेवतो म्हणून प्रत्यक्षात तो थोडा कमी, पण कानाला खुपायला पुरेसा. डिजिटल पियानो मात्र हवामान जाणत नाही. त्याचा ए स्वर सेकंदाला ४४० कंपनं म्हणजे ४४०च. चढलेला स्वर उतरवायचा तर माऊथपीस ज्या बुचावर बसतो त्यावरून तो बाहेर ओढायचा, नळी लांब करायची. पण ओढलेल्या प्रत्येक मिलीमीटरचा परिणाम सगळ्या स्वरांवर सारखा होत नाही. वरच्या स्वरांना नळीची लांबी कमी लागते, त्यामुळे ते जास्त उतरतात, खालचे कमी. फार ओढला तर वाद्य आपल्याशीच बेसूर होतं आणि प्रत्येक स्वर ओठाने सांभाळत बसावं लागतं. म्हणून जाणते वादक साऊंडचेकच्या तासभर आधी एसी लावायला सांगतात, बुचावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवतात आणि उरलेला फरक पियानोवर ढकलतात. मास्टर ट्यूनिंग ४४२ वर नेलं की आठ सेंट तिथेच मिटतात. कार्यक्रमाआधी लवकर जाऊन बसलं की पियानोवाला पडद्यावरच्या मेनूत वाकून हेच करताना दिसतो. कोरड्या हवेत बूचही आकसतं, माऊथपीस डुगडुगतो. तेव्हा बुचाभोवती पातळ कागदाचा एक वेढा देऊन वेळ मारून नेतात.

इथे अमेरिकन टेनर सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सची आठवण येणारच. ३ नोव्हेंबर १९५७ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात तो वाजला, तेव्हा सोबत फक्त बास आणि ड्रम्स. पियानो नाहीच. संध्याकाळी बासवर विल्बर वेअर, ड्रम्सवर एल्व्हिन जोन्स. ते ध्वनिमुद्रण ऐकताना सॅक्सोफोन किती मोकळा श्वास घेतो ते जाणवतं. मधे ठाम स्वरांचा पियानो नसल्यामुळे कुठला स्वर किती चढा ठेवायचा, कुठल्यावर किती रेलायचं, ते वाजवणाऱ्याच्या मर्जीवर. आपल्या गायकाला पेटीऐवजी सारंगी मिळाल्यावर जे होतं, तेच. हाच रॉलिन्स १९५९ ते १९६१ मैफली सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटा रियाज करत होता, पुढे पवईच्या आश्रमात येऊन राहिला, आणि १९७८ ला मुंबईच्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात वाजवूनही गेला. पुलावर हिवाळ्यातला नदीवरचा गार वारा, मुंबईत घामट हवा. प्रत्येक ठिकाणी तीच नळी वेगळी बोलली असणार. ध्वनिमुद्रणात आपण एका खोलीची, एका रात्रीची हवा कायमची बंद करून घेतो आणि मग तोच त्या वादकाचा आवाज समजतो. प्रत्यक्ष ऐकायला जायचं ते यासाठी: आपल्या गावच्या हवेत तो आवाज काय होतो, ते ऐकायला.

त्या संध्याकाळी नेमकं काय झालं, ते आता जुळवता येतं. पहिली चीज जलद होती, बत्तीस बारांची. आपल्या भाषेत मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा, प्रत्येकी आठ बार, बारात चार मात्रा. एकशे अठ्ठावीस मात्रांचं आवर्तनच म्हणा. सॅक्सोफोनची चार-पाच आवर्तनं झाली, मग पियानोची, मग बासची. ती तीन-चार मिनिटं सॅक्सोफोन गळ्यात नुसता लटकत होता आणि स्टेजवरच्या एसीचा झोत बरोबर त्याच्या तोंडावर येत होता. एरवी वादक अशा वेळी मधूनमधून रीड ओठात धरतो किंवा माऊथपीसवर टोपी चढवतो. ते बासच्या वादनात इतके रमले होते, डोळे मिटून मान हलवत होते, की राहूनच गेलं असावं. पुढची चीज संथ. तिची सुरुवात त्यांनी सबटोनमध्ये केली. खालचा ओठ सैल सोडून, फुंक रुंद करून खालचे स्वर इतके हळू काढायचे की स्वराआधी श्वासाची सळसळ ऐकू येते, रेशमावरून हात फिरवल्यासारखी. या वाजवण्याला रीड जिवंत लागते. तिसऱ्या ओळीत सगळ्यात खालच्या स्वरावर उतरताना तो तुटला. आमच्या रांगेत फार कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांच्या आलं.

मग ते मागे सरकले. रीड आवळून धरणाऱ्या लिगेचरचे दोन स्क्रू ढिले केले, रीड खालच्या बाजूने सरकवून काढली, टोक दिव्यासमोर धरलं. झालर पडलेली असणार. काचेची पाठ असलेल्या डबीतून दुसरी काढली, स्टँडशेजारच्या छोट्या ग्लासात बुडवली. इथे घाई केली की सगळं मुसळ केरात. रीड आतपर्यंत ओली व्हायला निदान मिनिटभर हवं. नंतर ती माऊथपीसवर ठेवताना टोक टोकाशी असं जुळवायचं की वरून माऊथपीसची फक्त केसाएवढी काळी कड दिसावी. रीड वर गेली तर कडक लागते, खाली राहिली तर चिरकते, तिरकी बसली तर एका बाजूने हवा सोडते. खालचा स्क्रू आधी, वरचा नंतर, तोही बेताने. मग त्यांनी माऊथपीस बुचावरून काढून त्याचं मागचं तोंड तळहाताने बंद केलं, पुढून हवा ओढून घेतली आणि ओठ सोडले. रीड क्षणभर माऊथपीसला चिकटून राहिली आणि 'टप्' असा बारीक आवाज करून सुटली. हवा कुठूनही गळत नाही, याची ती ग्वाही. तो 'टप्' चौथ्या रांगेपर्यंत आला. तोवर आमच्या मागे चहाच्या कपांची चर्चा रंगली होती.

आणि संगीत चालूच होतं.

बोट वर झाल्याबरोबर पियानोवाल्याने चीज जिथे होती तिथून अलगद बाजूला घेतली आणि दोनच कॉर्ड्सवर फिरायला लागला. चार बारांचा तुकडा, पुन्हा तोच. जॅझवाले याला व्हॅम्प म्हणतात. आपण लेहरा म्हटलं तरी चालेल. बासवाल्याने चालतं बोट थांबवून एकच स्वर धरला, प्रत्येक बाराच्या पहिल्या मात्रेवर, आणि तो पुरता विरेपर्यंत दुसरा लावला नाही. ड्रमवाल्याने काठ्या आधीच ठेवून दिल्या होत्या. डाव्या हातातला तारेचा ब्रश स्नेअर या लहान ड्रमच्या कातड्यावर गोल फिरत होता, पाखडताना सुपातून येतो तसा आवाज, आणि उजवा ब्रश मधेच एखाद्या मात्रेला फक्त शिवून जात होता. प्रत्येक फेरीत पियानोच्या वरच्या बोटात एक स्वर बदलायचा. चौथ्या फेरीला तो स्वर असा काही आला की बासवाल्याने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. अशा सात-आठ फेऱ्या. कागदावर लिहिलेलं नव्हतं, साऊंडचेकला ठरलेलं नव्हतं, पुन्हा कधी होणार नाही. आपला माणूस पाण्याच्या ग्लासाशी उभा आहे आणि त्याला घाई वाटू नये म्हणून तिघं मिळून वेळ अंथरून देत आहेत. एवढं मायेचं वादन त्या रात्री दुसरं झालं नाही, आणि नेमकं तेव्हाच सभागृह बोलत होतं. आठव्या फेरीच्या शेवटी, पहिल्या मात्रेवर, मघाशी तुटलेला तोच खालचा स्वर आला. आधी श्वास, मग स्वर. समेवर यावा तसा. दाद द्यायची जागा ती होती.

प्लॅस्टिकच्या रीड्स मिळतात. कॅनडाच्या लेजेर कंपनीच्या रीड्स चांगल्या वादकांच्याही तोंडात दिसतात. त्यांना पाणी नको, हवामानाची पर्वा नाही, महिनोनमहिने चालतात. सोलापूरच्या एप्रिलमध्ये उघड्यावर वाजवायचं असेल तर डबीत एक तरी असावीच. पण संथ चिजेतल्या सबटोनला गवताच्या रीडचा दाणेदार खरखरीतपणा हवा, असं माझ्या कानाचं ठाम मत आहे. सनईवाले काय करतात? सनईच्या गळ्याशी दोऱ्याने बांधलेल्या जास्तीच्या पत्त्या लोंबत असतात, सोबत सुई. एक बोलेनाशी झाली की दुसरी ओठात धरून ओली करायची. सोलापूर-अक्कलकोटच्या जाधव घराण्याने जपलेली सुंदरी तर सनईहूनही लहान, तिची पत्ती आणखी नाजूक. ती याच हवेत, याच उन्हात वाजत आली आहे. त्या वाद्याच्या गावात रीड ओली करणाऱ्या माणसाला अनोळखी नजरेने पाहिलं गेलं, हे मला अजून खुपतं.

बसण्याच्या जागेबद्दल एवढंच, की पहिली रांग टाळावी. सॅक्सोफोनचा आवाज नुसता पुढच्या कर्ण्यातून येत नाही, उघड्या असलेल्या सगळ्या भोकांतून येतो, आणि तो एकत्र व्हायला थोडं अंतर लागतं. तिसरी ते सहावी रांग, ड्रम्सच्या मोठ्या झांजेपासून दूरच्या बाजूला. छतावरचा पंखा डोक्यावर नसलेला बरा. स्वर कापला जातो. साऊंडवाल्याला ऑर्केस्ट्राची सवय असते, तो हमखास इको वाढवतो. त्या रात्रीही पहिल्या चिजेत वाढला होता, मग स्टेजवरून हात खाली करून खूण झाली आणि आवाज कोरडा, खरा झाला. माईक कर्ण्यात कोंबलेला नसावा, वीतभर लांब असावा, कर्णा आणि डावा हात यांच्या मधे रोखलेला. मग चाव्या मिटताना चामड्याच्या पॅडांचा मऊ थपथपाटही ऐकू येतो.

कार्यक्रम संपल्यावर लोक फोटोसाठी स्टेजकडे गेले. त्यांनी आधी वाद्य आवरलं. रीड काढून बुडाकडून टोकाकडे अंगठ्याने निपटली, डबीत काचेवर आडवी ठेवली, झाकण लावलं. पहिली, झालर पडलेली, तीही टाकली नाही, दुसऱ्या खाचेत ठेवली. भिजली की ती पुन्हा सरळ होईल. माऊथपीस आणि नेक, म्हणजे वाद्याची वाकडी मान, काढून सॅक्सोफोन उलटा केला तसं दीड तासाच्या श्वासाचं पाणी कर्ण्याच्या कडेवरून स्टेजच्या लाकडावर पडलं, चार-पाच थेंब. मग दोरीला बांधलेलं फडकं आतून ओढून घेतलं, पेटी बंद केली. पोरं वायरी गुंडाळायला आली, दिवे एकेक करून मालवायला लागले. शेवटचा दिवा जायच्या आत लाकडावरचे ते डाग वाळून गेले होते.